वाचकांचे प्रश्न : तिसरा रिचर्ड, नाटकातला आणि मातीखालचा

गेल्या अंकात इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या उत्खननावर एक लहान टिपण प्रसिद्ध झाले होते. मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली २०१२ साली एक सांगाडा सापडला आणि तो १४८५ मध्ये रणात पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचाच असल्याचे पुढे सिद्ध झाले, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्हांला पदवीच्या वर्गात शेक्सपिअरचे तिसऱ्या रिचर्डवरील नाटक आहे. त्यातला राजा कुबडा आहे, त्याचा एक हात वाळलेला आहे, आणि तो सख्ख्या भावाचा व पुतण्यांचा जीव घेतो. वर्गात असे सांगण्यात आले की कुबड ही ट्यूडर, म्हणजे रिचर्डनंतर गादीवर आलेल्या राजघराण्याच्या, काळातील लेखकांनी रचलेली गोष्ट आहे. मग सापडलेल्या सांगाड्याचा कणा वाकडा कसा निघाला? खरा रिचर्ड कोणता समजावा? (एक विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, एक शरीराचा आणि दुसरा चारित्र्याचा. नाटककाराने ते एकमेकांत इतके घट्ट गुंफले आहेत की चारशे वर्षे लोकांनी एकाचे उत्तर दुसऱ्यावरून दिले. म्हणून प्रथम शरीराबद्दल लिहितो.

सांगाड्याच्या कण्याला बाजूने वळणारा मोठा बाक आहे. वैद्यकात त्याला स्कोलिओसिस म्हणतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा बाक ६५ ते ८५ अंशांच्या दरम्यान होता. तो जन्मापासूनचा नव्हता, वाढीच्या वयात उद्भवलेला होता. त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा वर दिसत असणार, आणि सरळ कण्याने जी उंची सुमारे पाच फूट आठ इंच भरली असती ती काही इंचांनी कमी दिसत असणार. मात्र पाठीवर उंचवटा येऊन माणूस पुढे वाकतो तसे कुबड त्याला नव्हते. हातही वाळलेला नव्हता. दोन्ही हातांची हाडे धड आहेत, आणि तो लंगडत असल्याचीही खूण नाही. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या अंगरख्याखाली किंवा मापाने घडवलेल्या चिलखताखाली हा दोष बहुतांशी झाकला गेला असता. वर्गात आपल्याला सांगितले गेले ते अर्धे खरे आहे. ट्यूडर लेखकांनी शून्यातून काही निर्माण केले नाही, पण एका वर आलेल्या खांद्याचे त्यांनी राक्षसाचे अंग केले. जॉन राउस नावाच्या लेखकाने रिचर्डच्या हयातीत त्याची स्तुती लिहिली, आणि राज्य पालटताच तोच राजा दोन वर्षे आईच्या पोटात राहून दातांसह व खांद्यापर्यंतच्या केसांसह जन्मला असे लिहून ठेवले. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातील रिचर्डच्या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा मूळ रेषेवर रंग चढवून उजवा खांदा मागाहून उंच केल्याचे दिसले. बदनामी लेखणीने झाली तशी कुंचल्यानेही झाली.

आता आयुष्याबद्दल. रिचर्डचा जन्म २ ऑक्टोबर १४५२ रोजी फॉदरिंगे येथील किल्ल्यात झाला. यॉर्कच्या ड्यूकचा तो धाकटा मुलगा. यॉर्क आणि लँकेस्टर या एकाच राजवंशाच्या दोन शाखांमध्ये सिंहासनासाठी जे दीर्घ युद्ध चालले, ज्याला पुढे गुलाबांची युद्धे हे नाव पडले, त्यात रिचर्ड आठ वर्षांचा असताना वेकफील्डच्या लढाईत त्याचे वडील मारले गेले, आणि काही महिन्यांतच त्याचा थोरला भाऊ चौथा एडवर्ड या नावाने राजा झाला. रिचर्डला ग्लॉस्टरचा ड्यूक ही पदवी मिळाली. १४७० मध्ये एडवर्डला देश सोडावा लागला तेव्हा रिचर्ड त्याच्याबरोबर परागंदा झाला, आणि पुढच्याच वर्षी बार्नेट व ट्यूक्सबरी येथील ज्या दोन लढायांनी भावाचे राज्य परत मिळवले त्यांत अठरा वर्षांच्या या मुलाने, वाकलेल्या कण्याने, सैन्याच्या तुकडीचे नेतृत्व केले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे तो उत्तर इंग्लंडचा कारभार पाहत राहिला. यॉर्क शहराच्या नोंदवहीत त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी शहरावर पसरलेल्या शोकाची नोंद झाली आहे. विजयी शत्रू नव्या राजाच्या रूपाने लंडनकडे निघालेला असताना असे लिहून ठेवणे धोक्याचे होते, म्हणून ती नोंद मला स्तुतीच्या अनेक पानांहून मोलाची वाटते.

नाटकात रिचर्ड आपला भाऊ जॉर्ज, म्हणजे क्लॅरेन्सचा ड्यूक, याला कपटाने मारवतो. प्रत्यक्षात १४७८ मध्ये जॉर्जवर राजद्रोहाचा खटला चालवणारा आणि त्याला देहदंड देणारा खुद्द राजा चौथा एडवर्ड होता. नाटकाच्या अखेरीस रिचर्ड घोड्यासाठी राज्य देऊ करतो, आणि ते वाक्य ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांनाही पाठ असते. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या मैदानावर घडले ते याहून निराळे होते. रिचर्डने मोजक्या स्वारांसह सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरच्या थेट अंगावर चाल केली, त्याचा निशाणधारी ठार केला, आणि तो हेन्रीपासून थोड्याच अंतरावर असताना तोवर तटस्थ उभ्या असलेल्या स्टॅन्लीच्या सैन्याने बाजू बदलून त्याला घेरले. ट्यूडरांचा आश्रित इतिहासकार पॉलिडोर व्हर्जिल यानेही तो शत्रूंच्या गर्दीत एकटा शौर्याने लढत पडला असेच लिहिले आहे. सांगाड्यावर अकरा जखमा मोजल्या गेल्या, त्यांपैकी नऊ कवटीवर आहेत. शिरस्त्राण गेल्यावर चहूबाजूंनी घाव पडले असावेत. मृत्यूसमयी त्याचे वय बत्तीस वर्षांचे होते. रणात पडलेला इंग्लंडचा तो शेवटचा राजा.

प्रश्न : रिचर्डने आपल्या दोन पुतण्यांना लंडनच्या टॉवरमध्ये मारवले हे निश्चित आहे काय? निश्चित नसेल तर त्याचे समर्थक त्याला निर्दोष तरी कशाच्या आधारावर म्हणतात? (एक निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : निश्चित नाही. तरीही या प्रश्नावर मौन बाळगता येत नाही, कारण रिचर्डची सारी अपकीर्ती अखेर याच एका गोष्टीवर उभी आहे.

चौथा एडवर्ड ९ एप्रिल १४८३ रोजी वारला. त्याचा बारा वर्षांचा मुलगा पाचवा एडवर्ड राजा झाला आणि काका या नात्याने रिचर्ड राज्याचा रक्षक ठरला. त्यानंतरच्या सुमारे अकरा आठवड्यांत घटना अतिशय वेगाने घडल्या. मुलाच्या मातुल घराण्यातील प्रमुख पुरुष नॉर्थॅम्प्टन व स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे पकडले गेले. १३ जून रोजी, मृत राजाचा जिवलग मित्र लॉर्ड हेस्टिंग्ज याचा विनाचौकशी शिरच्छेद झाला. तीन दिवसांनी नऊ वर्षांच्या धाकट्या राजपुत्राला वेस्टमिन्स्टरच्या आश्रयस्थानातून आईपासून काढून टॉवरमध्ये थोरल्या भावाकडे नेण्यात आले. टॉवर हा त्या काळी केवळ तुरुंग नव्हता, राज्याभिषेकापूर्वी राजाने तेथे मुक्काम करण्याची प्रथाच होती. त्यामुळे मुलाला तेथे ठेवणे हेच संशयास्पद होते असे आज वाचणाऱ्याला वाटते तसे त्या वेळच्या लोकांना वाटले नसणार. संशय नंतर आला. एडवर्डने राणीशी विवाह करण्यापूर्वी दुसऱ्या एका स्त्रीला विवाहाचे वचन दिले होते, म्हणून त्याची मुले औरस नाहीत, असे जाहीर करण्यात आले, आणि ६ जुलै रोजी रिचर्डचा राज्याभिषेक झाला. त्या उन्हाळ्यानंतर ती मुले पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्याची विश्वासार्ह नोंद नाही.

डॉमिनिक मँचिनी हा इटालियन गृहस्थ त्या वेळी लंडनमध्ये होता. त्याचा वृत्तांत १९३४ साली फ्रान्समधील लील शहरात सापडला, आणि म्हणूनच शेक्सपिअरला किंवा त्याच्या आधीच्या लेखकांना तो ठाऊक नव्हता. मुले टॉवरच्या आतल्या भागात नेली गेली, खिडक्यांतून दिवसेंदिवस कमी दिसू लागली, आणि शेवटी दिसेनाशी झाली, असे तो लिहितो. ती कशी मेली किंवा मेली की नाही, हे आपल्याला कळले नाही असेही तो सांगतो. हा प्रामाणिक साक्षीदार आहे असे मी समजतो. याउलट उशीने गुदमरवून मारल्याची जी सविस्तर कथा सर्वांना माहीत आहे ती थॉमस मोर याने तीस वर्षांनी लिहिली. घटना घडली तेव्हा मोर पाच वर्षांचा होता, आणि पुढे तो रिचर्डचा कट्टर शत्रू जॉन मॉर्टन याच्या घरी वाढला.

समर्थकांची बाजूही जुनी आहे. होरेस वॉल्पोल याने १७६८ मध्येच या आरोपावर शंका घेणारा ग्रंथ लिहिला. १९२४ साली रिचर्डच्या पांढऱ्या रानडुकराच्या चिन्हावरून नाव घेतलेले एक मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याचीच रिचर्ड तृतीय सोसायटी झाली. सामान्य वाचकाचे मत फिरवले ते मात्र १९५१ साली आलेल्या जोसेफिन टे हिच्या रहस्यकथेने, जिच्यात रुग्णालयात पडून असलेला पोलीस अधिकारी या जुन्या खुनाचा तपास करतो. ती कथा मी अनेकदा वाचली आहे आणि तिचे मला प्रेम आहे, तरीही तिच्यातील एक गोष्ट मला खटकते. अधिकाऱ्याच्या तपासाची सुरुवात होते ती रिचर्डचे चित्र पाहून. हा चेहरा खुन्याचा नव्हे असे त्याला वाटते. शेक्सपिअरने पाठ पाहून दोषी ठरवले, आणि येथे चेहरा पाहून निर्दोष ठरवण्याचा आरंभ होतो. शिवाय ते प्रसिद्ध चित्र रिचर्डच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी रंगवलेले आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे आहे. मुले रिचर्डच्या ताब्यात असताना नाहीशी झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ती मेल्याची वदंता देशभर पसरून बंड झाले असतानाही त्याने त्यांना लोकांसमोर उभे केले नाही. आणि उभे करणे हाच त्या वदंतेवरचा एकमेव उपाय होता. पालक म्हणून त्याची जबाबदारी यातून टळत नाही. त्याने हुकूम दिला काय, त्याचा त्या वेळचा साथीदार बकिंगहॅमचा ड्यूक परस्पर तसे वागला काय, या प्रश्नांवर कागद मूक आहेत. १६७४ मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली आणि ती वेस्टमिन्स्टर ॲबीत संगमरवरी कलशात ठेवण्यात आली. १९३३ साली ती एकदा तपासली गेली; त्यानंतर डीएनए चाचणीसाठी मागणी होऊनही परवानगी मिळालेली नाही. ती मिळाली तरी मुले कोणाची हे कळेल, त्यांना कोणी मारले हे हाडे सांगणार नाहीत.

न्यायाच्या दृष्टीने एवढे मात्र जोडले पाहिजे की १४८४ मध्ये भरलेल्या त्याच्या एकमेव पार्लमेंटने, संशयावरून पकडलेल्या माणसाला जामीन मिळावा, गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी त्याची मालमत्ता जप्त होऊ नये, आणि राजाने भेटीच्या नावाखाली सक्तीची वर्गणी घेऊ नये, असे कायदे केले. ज्या माणसाने हेस्टिंग्जला चौकशीशिवाय मारले त्यानेच हे कायदे केले, आणि या दोन्ही गोष्टींची नोंद तितकीच भक्कम आहे.

प्रश्न : आमची हौशी संस्था कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी या नाटकाचे रूपांतर करण्याच्या विचारात आहे. सांगाडा सापडल्यानंतर आता रिचर्डला कुबड दाखवावे की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. (एक रंगकर्मी, मडगाव)

उत्तर : आपल्या मंडळींनी नाटक करायला घेण्यापूर्वी हा वाद घातला याचा मला आनंद वाटतो. अंत्रुज महालातील देवळांच्या जत्रांत लहानपणी जी ऐतिहासिक नाटके पाहिली, त्यांत खलपुरुष रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याचे हास्य पडद्यामागून ऐकू येई आणि मांडवातली मुले आईला बिलगत. त्याच्या डोळ्यांत काजळ जास्त, भुवया जाड, चाल तिरपी. शरीर पाहून मन ओळखण्याची ही रीत सगळ्या जुन्या रंगभूमीची आहे, आणि १५९२ च्या सुमारास लिहिणाऱ्या शेक्सपिअरचीही तीच होती. त्याच्या समोर राज्य करणारी पहिली एलिझाबेथ ही बॉसवर्थच्या विजेत्याची नात होती हेही विसरून चालत नाही.

इंग्रजी रंगभूमीवर प्रत्येक काळाने आपला रिचर्ड घडवला आहे. अठराव्या शतकात मूळ नाटकाऐवजी कॉली सिबर याने केलेले रूपांतर चालत असे, आणि १७४१ मध्ये डेव्हिड गॅरिक त्याच भूमिकेने एका रात्रीत प्रसिद्ध झाला. १९५५ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए याने लांब नाक आणि काळेभोर केस लावून जो रिचर्ड उभा केला, त्याची नक्कल पुढची कित्येक वर्षे विनोदी नटही करत राहिले. १९९५ मध्ये इयन मॅकेलन याने त्याला १९३० च्या दशकातील हुकूमशहाचा गणवेश चढवला. २०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ही भूमिका आर्थर ह्यूझ या प्रत्यक्ष अपंग असलेल्या नटाला दिली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या नाटकाच्या अलीकडच्या इतिहासातील ही सर्वांत अर्थपूर्ण घटना आहे, कारण तेथे शरीर हे सोंग राहिले नाही.

माझा सल्ला असा की पाठीवर उशी बांधू नये. एक खांदा वर आणि धड किंचित वळलेले, एवढे पुरे. सांगाडाही तेच सांगतो, आणि दोन तास तशी देहबोली सांभाळणे नटालाही शक्य होईल. पण नाटकातले संवाद गाळून रिचर्डला सज्जन करू नका. तो प्रेक्षकांशी थेट बोलतो, आपले बेत आधी त्यांना सांगतो, त्यांना हसवतो आणि नकळत आपल्या कटात सामील करून घेतो. प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकतात आणि मग स्वतःलाच घाबरतात. हे काढून टाकले तर नाटक उरत नाही. खऱ्या राजाविषयी सांगायचे असेल ते नाट्यप्रयोगाच्या पत्रिकेत अर्ध्या पानात सांगावे.

भाषांतर करणाऱ्यासाठी एक सूचना. पहिल्याच स्वगतात 'सूर्य' आणि 'पुत्र' या एकाच उच्चाराच्या इंग्रजी शब्दांवर श्लेष आहे, आणि तळपता सूर्य हे चौथ्या एडवर्डचे चिन्ह होते. मराठीत सूर्याने तो श्लेष साधत नाही. 'कुलदीपक' या शब्दात मात्र दिवाही आहे आणि मुलगाही. त्या दिशेने विचार करून पाहावा.

प्रश्न : पाचशे वर्षांपूर्वीची हाडे अमुक एका माणसाची आहेत हे कसे ठरवतात? जुन्या गोव्यात सापडलेल्या केतेवान राणीच्या हाडाची तपासणीही याच पद्धतीने झाली होती काय? (एक वाचक, रायबंदर)

उत्तर : तत्त्व एकच, पण दोन्हींचे वजन सारखे नाही.

आईकडून मुलांना मिळणारा आणि पुढे फक्त मुलींमार्फत वाहत जाणारा एक आनुवंशिक धागा पेशींमध्ये असतो, त्याला मायटोकॉन्ड्रियल डीएनए म्हणतात. तो पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. रिचर्डची बहीण ॲन हिच्यापासून मुलींच्या अखंड साखळीने आजवर आलेले दोन वंशज शोधण्यात आले. त्यांपैकी एकाचा हा धागा सांगाड्याच्या धाग्याशी पूर्ण जुळला आणि दुसऱ्याच्या धाग्यात केवळ एका जागी फरक निघाला. त्याला हाडांचे कार्बन-कालमापन, वय, जखमा, कण्याचा बाक आणि ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये पुरल्याची जुनी नोंद यांची जोड मिळाली, आणि २०१४ मध्ये संशोधकांनी ओळखीची शक्यता ९९.९९९ टक्के असल्याचे प्रसिद्ध केले. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा मात्र जुळला नाही. याचा अर्थ मधल्या शतकांत कोठेतरी नोंदलेला बाप हा खरा बाप नव्हता. ते कोणत्या पिढीत घडले हे सांगता येत नाही, म्हणून त्यावरून आजच्या राजघराण्याच्या हक्कासंबंधी जे मथळे छापले गेले त्यांना आधार नाही.

केतेवान ही जॉर्जियातील काखेती राज्याची राणी. धर्मांतरास नकार दिल्यामुळे इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध झाला, आणि ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी तिच्या अवशेषांचा काही भाग गोव्यात आणून होली हिलवरील आपल्या मठात ठेवला. त्या भग्न वास्तूत, जिचा अर्धा उरलेला मनोरा आपण सर्वजण जुन्या गोव्याला जाताना पाहतो, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खननात हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्याची तपासणी केली, तेव्हा त्याचा मातृवंश यू१बी या गटाचा निघाला. हा गट तपासलेल्या भारतीय नमुन्यांत आढळला नाही, आणि जॉर्जियातील नमुन्यांत मात्र आढळला. येथे राणीच्या मातृवंशातील जिवंत व्यक्तीशी तुलना झालेली नाही. 'हे हाड जॉर्जियाकडच्या व्यक्तीचे असावे' एवढे डीएनएने सांगितले, आणि 'ती व्यक्ती केतेवान' हे जुन्या पोर्तुगीज कागदांतील जागेच्या वर्णनाने जोडले. दोन्ही मिळून पुरावा बलवान होतो, आणि २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला अर्पण केला तो याच विश्वासाने. ज्या जागेचे वर्णन कागदात होते तीच जागा खणली गेली, हे लेस्टर आणि जुने गोवे या दोन्ही ठिकाणचे साम्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : रिचर्डची कथा वाचताना छत्रपती संभाजी महाराजांची आठवण होते. त्यांचीही बखरकारांनी आणि नाटककारांनी अशीच बदनामी केली. ही तुलना योग्य आहे का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : बदनामी कशी घडते एवढ्यापुरती योग्य आहे, त्यापुढे नाही.

मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांच्याच आज्ञेने देहदंड झाला होता. मोर ज्या मॉर्टनच्या घरी वाढला त्याची येथे आठवण होणे साहजिक आहे. त्या बखरीवरून पुढची नाटके झाली, आणि नाटकांवरून लोकांचे मत झाले. वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन कागद गोळा करून १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले तेव्हा ते चित्र बदलले.

फरक असा की समकालीन कागद उघडताच महाराजांवरील आरोप विरत गेले, आणि रिचर्डच्या बाबतीत समकालीन मँचिनीचा कागद सापडल्यावर मुख्य आरोप आहे तेथेच राहिला. आपल्या गोव्याला तर या कामात मोठा वाटा आहे. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई आल्वोरचा काउंट फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, महाराज स्वतः मदतीला धावून आल्यावर त्याला माघार घ्यावी लागली, आणि त्याच नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा कोट घेतला. हे सारे आपल्याला तपशिलाने कळते ते पोर्तुगिजांच्याच दप्तरांतून, आणि ती दप्तरे आयुष्यभर चाळून मराठी वाचकांसमोर ठेवणारे पांडुरंग पिसुर्लेकर आपलेच. शत्रूचे त्याच वेळचे कागद मित्राच्या शंभर वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा अधिक उपयोगी पडतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. हडकोळणचा १६८८ चा करमाफीचा शिलालेखही त्याच जातीचा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीने, म्हणजे बॉसवर्थ जिंकलेल्या हेन्री ट्यूडरने, रिचर्डचा राज्यावरील हक्क मान्य करणारा कायदा न वाचताच रद्द करून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला, आणि स्वतःचे राज्य लढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू झाल्याचे ठरवले, जेणेकरून रिचर्डच्या बाजूने लढलेला प्रत्येकजण राजद्रोही ठरावा. गोव्यातील दप्तरांवर अशी पाळी आली नाही हे आपले भाग्य.

प्रश्न : स्विंडनला मुलीकडे जाणार आहे. लेस्टरला एक दिवस काढला तर काय पाहावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : जेथे सांगाडा सापडला तेथेच आता प्रदर्शन-केंद्र आहे, खड्डा काचेच्या जमिनीखाली जसाच्या तसा राखला आहे. तो खड्डा किती आखूड होता ते अवश्य पाहा. देह घाईने ठेवल्यामुळे डोके एका कडेला टेकलेले होते. तेथून काही पावलांवर कॅथीड्रल आहे, आणि तेथे २६ मार्च २०१५ रोजी राजाचे पुन्हा दफन झाले. थडग्याचा फिकट दगड स्वेलडेलचा आहे. त्यात जुन्या सागरी जीवांचे ठसे दिसतात, आणि त्यावर वरून खोल क्रॉस कोरला आहे. खालच्या काळ्या चौथऱ्यावर राजाचे नाव, वर्षे आणि 'निष्ठा मला बांधते' हे त्याचे ब्रीद आहे. वेळ असल्यास बॉसवर्थलाही जावे. तेथील शेतांत २००९ मध्ये चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले रानडुकराचे लहान चिन्ह मिळाले आणि लढाईची नेमकी जागा ठरवायला त्याची मदत झाली. आपल्या नातवाला फुटबॉलची आवड असेल तर त्याला सांगा की दफनानंतरच्याच हंगामात लेस्टरच्या संघाने प्रीमियर लीग जिंकली, आणि शहरातील अनेकजण त्याचे श्रेय आजही राजाला देतात.

कॅथीड्रलमध्ये शवपेटी दिसणार नाही, ती थडग्याखाली आहे. इंग्लिश ओकच्या लाकडाची ती पेटी रिचर्डच्या बहिणीच्या ज्या वंशजाचा डीएनए सांगाड्याशी जुळला होता त्यानेच घडवली. व्यवसायाने तो लाकडी सामान बनवणारा कारागीर आहे.